वेदनाशामकाविना बाळंतपण : निर्णय आणि तयारी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या राज्यातील ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत बाळंत होणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया कळांवरचे कोणतेही औषध न घेताच बाळंत होतात. त्यांनी तसे ठरवलेले असते असे मात्र नाही. पाठीच्या कण्यापाशी बारीक नळी घालून कमरेखालच्या वेदना थांबवायच्या, तर भूलतज्ज्ञ हजर असावा लागतो, आणि तालुक्याच्या गावी अपरात्री तो मिळणे कठीण असते. दुसरीकडे मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत पैसे भरून ही सोय मिळते, तरीही ती नको, मी औषधाविना बाळंत होईन, असे म्हणणाऱ्या गर्भवती भेटतात. या दोघींची परिस्थिती वेगळी असली तरी त्यांना लागणारी तयारी एकच आहे. शहरातल्या मैत्रिणीला ती वर्गात जाऊन शिकता येते. खेड्यातल्या मैत्रिणीची मात्र "सगळ्यांचं होतं, तुझंही होईल" एवढ्यावर बोळवण केली जाते. मला आज आग्रहाने सांगायचे आहे ते हे, की औषध नसणे आणि मदत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांतली दुसरी कोणत्याही बाईच्या वाट्याला येता कामा नये.

कळांवर औषध द्यावे की नाही, हा वाद जुना आहे. एडिंबरोचे डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा त्याला मोठा विरोध झाला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या बाळंतपणात तेच औषध घेतल्यावर तो विरोध बराच मावळला. पुढे १९३० च्या दशकात ब्रिटनचे डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी उलट बाजूने विचार मांडला. भीतीमुळे शरीर ताठरते, ताठरलेल्या शरीराला कळ अधिक दुखते आणि त्या दुखण्याने भीती पुन्हा वाढते, असे त्यांचे निरीक्षण होते. फ्रान्सचे डॉ. फर्नांद लामाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत संघात पाहिलेली पूर्वतयारीची पद्धत आपल्या देशात आणली, आणि श्वासावर लक्ष ठेवून कळा पार करण्याचे शिक्षण तेथून जगभर पसरले. भीती गेली की दुखणेच जाते, असा अर्थ कोणी यातून काढला तर तो मला मान्य नाही. कळा खरोखर दुखतात, निर्भय स्त्रीलाही दुखतात, आणि ज्या स्त्रीला फार दुखले तिचे मन कमकुवत होते असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. भीतीविषयीचे मूळ निरीक्षण मात्र आपल्या उपयोगाचे आहे.

त्यामागचे कारण असे. गर्भाशय हा एक मोठा स्नायू आहे. तो आकुंचन पावतो तेव्हा पिशवीचे तोंड थोडे थोडे उघडत जाते, आणि ते पूर्ण म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर उघडल्यावर बाळ खाली सरकू लागते. हे आकुंचन घडवणारे ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य शरीर स्वतःच तयार करते, आणि बाईला सुरक्षित वाटत असेल तर ते चांगले स्रवते. डोळ्यांवर प्रखर दिवा, आडपडद्याचा अभाव, कोणाचे तरी खेकसणे आणि ओळखीचा एकही चेहरा जवळ नाही, अशा वेळी शरीर अ‍ॅड्रेनलिन हे भीतीच्या वेळचे द्रव्य सोडते आणि कळांची लय बिघडू शकते. म्हणून प्रसूतिकक्षातील शांतता, पडदा आणि गोड शब्द यांना मी उपचारांचाच भाग मानते.

पहिलटकरणीला सर्वांत जास्त खचवणारी गोष्ट म्हणजे सुरुवातीचा संथ काळ. रात्रभर कळा सोसल्यानंतर सकाळी तपासून "अजून तीनच सेंटिमीटर" असे सांगितले, की तिचा धीर सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या काळातील देखभालीविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत पिशवीचे तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ हा सुरुवातीचा, संथ टप्पा मानला आहे आणि त्याला किती तास लागावेत याची मर्यादा ठरवलेली नाही. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडकही त्या शिफारशींनी बाजूला सारला आहे. ५ सेंटिमीटरच्या पुढचा टप्पा पहिल्या खेपेला साधारणपणे बारा तासांच्या आत आणि पुढच्या खेपांना दहा तासांच्या आत पार पडतो. हे आधीपासून ठाऊक असलेली बाई त्या पहिल्या रात्री ताकद खर्च करून बसत नाही. ती डुलकी काढते, पेज किंवा मऊ भात खाते, अंगणात फिरते. आई आणि बाळ दोघेही निरोगी असतील, रुग्णालय जवळ असेल आणि डॉक्टरांनी तसे सांगितलेले असेल, तर हा काळ घरी काढणेच बरे. साधारण पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या, की पहिलटकरणीने निघावे. दुसऱ्या खेपेला किंवा गाव दूर असेल तर त्याहून पुष्कळ आधी निघावे. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन करायचा असेल, तर घाटरस्ता आणि पावसाळा यांचा हिशेब आधीच करून ठेवावा.

आता कळेविषयी. कळ पावसाच्या सरीसारखी असते : चढते, जोरात कोसळते आणि ओसरते, आणि दोन सरींच्या मध्ये खरी उघडीप मिळते. तयारी करायची ती या उघडिपीचा उपयोग करण्याची. कळ सुरू होताच एक दीर्घ श्वास घ्यावा, मग नाकाने सावकाश आत आणि तोंडाने त्याहूनही सावकाश बाहेर अशी लय धरावी, खांदे सैल सोडावेत, जबडा आवळू नये. कण्हावेसे वाटले तर खालच्या सुरात खुशाल कण्हावे. कळ जिरली की तिचा विचार सोडून अंग पूर्ण ढिले करावे. हे ऐकायला सोपे वाटते, पण ऐनवेळी ते आठवत नाही. त्यासाठी सातव्या महिन्यापासून रोज झोपण्यापूर्वी थोडा वेळ हा सराव करावा आणि जी व्यक्ती सोबत राहणार आहे तिनेही तो बरोबर करावा.

या सोबतीइतके प्रभावी दुसरे काही नाही, असे माझे ठाम मत आहे. वेगवेगळ्या देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा असे दिसले की प्रसूतीच्या काळात सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांना वेदनाशामक औषध कमी लागले, त्यांच्या कळांचा काळ थोडा कमी झाला आणि शस्त्रक्रियेचे प्रमाणही घटले. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीण ठेवण्यास परवानगी देणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सोबतीण ही स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, अशी त्यांत अपेक्षा आहे, आणि जेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र आडोसा आहे तेथे पतीलाही सोबत राहता येते. सरकारी प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठी २०१७ साली सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेवर भर आहे. तेव्हा नवव्या महिन्यातील तपासणीच्या वेळी आशाताईंना किंवा सिस्टरना स्पष्ट विचारावे, की माझ्याबरोबर आत कोण थांबू शकेल. आणि ती व्यक्ती नात्याचा मान म्हणून निवडू नये. आई असो, सासूबाई असोत, थोरली जाऊ असो; जी स्वतः घाबरत नाही आणि सतत सूचना देत नाही तिला न्यावे. तिने तळहाताच्या टाचेने कमरेच्या खालच्या हाडावर दाब द्यावा, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, घोटभर पाणी पाजावे, लघवीला जाण्याची आठवण करावी. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

खाटेवर उताणे पडून राहण्याची सक्ती ही औषधाविना बाळंत होणाऱ्या बाईची मोठी अडचण आहे. उताणे झोपल्याने बाळाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि कंबरदुखी वाढते. चालणे, भिंतीला किंवा सोबतिणीच्या खांद्याला टेकून उभे राहणे, कमरेतून डुलणे, गुडघ्यांवर ओणवे होणे, कुशीवर झोपणे यांतले जे बरे वाटेल ते करू द्यावे. आपल्या आज्या-पणज्या उकिडव्या बसून किंवा आधाराने ओणव्या होऊन बाळंत होत असत, हे आपण फार लवकर विसरलो. गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालले, उकिडवे बसण्याचा सराव ठेवला, तर या स्थिती जड जात नाहीत. पहिल्या खेपेच्या गर्भवतीने चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून योनिमार्गाच्या खालच्या भागाला स्वच्छ हाताने, तेल लावून हळुवार मालिश केले, तर छेद घ्यावा लागण्याची शक्यता कमी होते, हेही अभ्यासांतून दिसले आहे; मात्र ते कसे करायचे हे आधी डॉक्टरांकडून किंवा नर्सबाईंकडून समजून घ्यावे. सरसकट प्रत्येकीला छेद द्यावा आणि पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलावे, या दोन्ही पद्धतींच्या विरोधात जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

रक्त कमी असलेल्या बाईला ही तयारी अपुरी पडते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत, आणि चहाबरोबर तर त्या कधीच घेऊ नयेत, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही.

औषधाविना बाळंत होण्याचा निर्णय हा कोणाला दिलेला शब्द नव्हे. कळा वाढवण्यासाठी सलाईनमधून ऑक्सिटोसिन द्यावे लागले, तर त्या कळा अधिक तीव्र आणि सलग येतात. मग केलेला निश्चय बदलावासा वाटला तर त्यात कमीपणा नाही. रक्तदाब वाढला असेल तर डॉक्टर स्वतःच पाठीतील नळीचा सल्ला देऊ शकतात. त्या नळीमुळे सिझरचे प्रमाण वाढते, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. जोर लावण्याचा काळ थोडा लांबू शकतो, इतके खरे आहे. अंगावरून रक्त जाणे, हिरवट पाणी जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काही झाले तर श्वास आणि लय बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. लवकर सुटका व्हावी म्हणून घरी एरंडेल पाजणे किंवा कोणाकडून कळा वाढवण्याचे इंजेक्शन टोचून घेणे अत्यंत धोक्याचे आहे. त्यामुळे बाळाचा प्राणवायू कमी पडू शकतो आणि गर्भाशय फाटूही शकते.

आणखी एक गोष्ट, कारण इथे गैरसमज होतो. औषध नको असे ठरवलेल्या काही जणी बाळ जन्मल्यानंतरचे इंजेक्शनही नाकारतात. ते इंजेक्शन वेदनेसाठी नसते. ऑक्सिटोसिनचे १० युनिट त्या वेळी दिले, की गर्भाशय घट्ट आवळते, वार नीट पडते आणि अतिरक्तस्राव टळतो. तो रक्तस्राव आजही मातामृत्यूचे एक मोठे कारण आहे. टाके घालताना जागा बधिर करणारे औषधही मागून घ्यावे. बाळाला रक्तस्रावापासून जपणारे के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे. बाळ जन्मताच आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, नाळ कापण्याची निदान एक मिनिटभर तरी घाई करू नये, आणि पहिल्या तासाभरात अंगावर पाजायला घ्यावे.

नमस्कार.