ओढा ओलांडलात? मग डिफरन्शियल बघा

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा उतरणीला लागलाय. मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यातल्या फोर बाय फोर गाड्यांनी दोन-तीन महिने चिखल आणि ओढे तुडवलेत. इंजिनाचं ऑइल सगळेच बदलतात, त्यावर बोलत नाही. मी बोलणार आहे ते त्याच्या पुढच्या सामानावर: गिअरबॉक्स, ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी ट्रान्सफर केस, ती ताकद चाकांकडे नेणारा फिरता दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आणि दोन्ही डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीमधले गिअरांचे गोळे. यातलं एक पक्कं ध्यानात ठेवा. गाडी पाण्यातून गेली, की डिफरन्शियलचं तेल बघायचं.

पुण्याच्या नाना पेठेत घडलेली गोष्ट सांगतो. मुळशीकडचे एक दूधवाले काका, जुनी जीप, रोज पहाटे कॅन भरून ओढा ओलांडायचा. श्रावणात मागून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. वेग वाढला की आवाज वाढायचा. गावाजवळच्या एकानं सांगितलं, क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली मुख्य गिअरजोडी गेली, अख्खा सेट बदला. काका हबकले आणि गाडी घेऊन नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आले. मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "काका, आज हात लावायचा नाही. रात्रभर गाडी जागची हलवू नका. सकाळी दाखवतो."

सकाळी मीही तिथं हजर. मिस्त्रींनी आधी मागच्या डिफरन्शियलचा वरचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच, सैल करून घेतला. हा जाम असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून दिलंत, तर नवं भरणार कुठून? मग खालचा ड्रेन प्लग. तो एकदम काढला नाही, एकेक आटा मोकळा करत गेले. पहिले थेंब आले ते चक्क पाण्याचे. तळहातावर झेलून त्यांनी काकांना दाखवले. कपभर पाणी निघालं आणि त्यामागून दुधाच्या चहासारखं तेल. पाणी तेलाहून जड, रात्रीत तळाला बसलेलं.

पण शिरलं कुठून? डिफरन्शियल ज्या कवचात बसतं, त्या अॅक्सलच्या वरच्या अंगाला मिस्त्रींनी बोट फिरवलं. तिथं ब्रीदर असतो, अॅक्सलला श्वास घ्यायची वाट. त्यात चिखल वाळून दगड झाला होता. चालून तापलेला अॅक्सल गार ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते. वरून हवा मिळाली नाही, तर ती ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. झाकण उघडलं तर दात शाबूत होते, फक्त बेअरिंग खराब. बेअरिंग आणि सील बदलल्या, नवं तेल भरून गाडी थोडी फिरवली, तेही तेल काढून टाकलं आणि पुन्हा ताजं भरलं. ब्रीदरला रबरी नळी लावून तिचं तोंड बॉनेटच्या उंचीपर्यंत नेलं. सेटचा खर्च वाचला. मला विचाराल तर, पार्ट बदलण्याआधी रात्रभर थांबायची तयारी असलेला मिस्त्री हीच पुण्याची खरी श्रीमंती आहे. आणि सुट्टीला ताम्हिणीकडे गाड्या घेऊन जाणाऱ्यांना कळकळीची विनंती: भातखाचराचे बांध तुडवू नका हो. तो बांध घालायला अख्खं घर राबलेलं असतं.

तर पुन्हा सांगतो, पाण्यातून गेलात की तेल बघा. गाडी सपाटीवर लावून, थंड झाल्यावर फिलर प्लग काढायचा आणि बोट आत घालायचं. बहुतेक गाड्यांत तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असावं. रंग दुधाळ दिसला तर बदला, आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच घ्या; ८०-९० बऱ्याच अॅक्सलना चालतं, पण प्रत्येक गिअरबॉक्सला चालेलच असं नाही.

प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यात चार टोकांचा क्रॉस असतो, त्याला ग्रीस मारताना चारही टोकांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत गन दाबा. प्रेशरनं गाडी धुतली असेल, तर ग्रीसिंग धुण्यानंतर करायचं.

लिव्हरनं फोर-व्हील टाकायच्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ठेवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि तो सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो. लिव्हर अडकून बसला तर ओढाताण नको. गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की लिव्हर मोकळा होतो.

नमस्कार.