ट्रेलर ओढायला जुनी व्हॅन घेताना : इंजिनाआधी दाराचं लेबल वाचा

मंडळी, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या घरांत भारतातून आईवडील आले की माणसं सहा-सात होतात. पिकअपमध्ये दाटी होते आणि मागे ट्रॅव्हल ट्रेलरही ओढायचा असतो. मग जुन्या मोठ्या व्हॅनचा विचार सुरू होतो. मी आज बोलणार आहे ते मजबूत चॅसीवरच्या जुन्या व्हॅनबद्दल : फोर्डची ई-सिरीज, जिचं प्रवासी मॉडेल २०१४ नंतर थांबलं, आणि शेवरले एक्सप्रेस किंवा तिची जुळी जीएमसी सवाना (या दोन्ही जनरल मोटर्सच्या, म्हणजे जीएमच्या).

विक्रेता सांगतो, "दहा हजार पौंड ओढते." हा आकडा बाजूला ठेवा. व्हॅनची मर्यादा बहुधा ओढण्यात नाही, अंगावर घेण्यात आधी संपते. ट्रेलरचं पुढचं टोक हिचवर, म्हणजे व्हॅनमागच्या जोडणीवर दाबतं, त्या भाराला टंग वेट म्हणतात. ते ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतं आणि सगळं व्हॅनच्या पेलोडमधून, म्हणजे ती अंगावर घेऊ शकते त्या वजनातून जातं. हिशेब करून बघा. भरलेला ट्रेलर ७,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३,१७५ किलो. १३ टक्क्यांनी टंग वेट ९१० पौंड. वजन वाटून देणारा हिच सुमारे १००. सहा माणसं ९००, सामान ३००. बेरीज झाली २,२१० पौंड. साधारण २००६ पासूनच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं लेबल असतं. प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा त्यावर छापलेला असतो. तो २,२१० पेक्षा कमी असेल तर इंजिन कितीही दणकट असो, ती व्हॅन तुमच्या कामाची नाही. म्हणूनच जीएमच्या १५०० किंवा फोर्डच्या १५० वर्गाच्या व्हॅनपेक्षा जीएमचे २५००, ३५०० आणि फोर्डचा ३५० हे जड वर्ग बघा, असा माझा आग्रह आहे.

उंच छत, सोफे, लाकडी कपाटं बसवलेली कन्व्हर्जन व्हॅन असेल तर विशेष सावध राहा. त्या सगळ्या सजावटीचं वजन पेलोडमधून वजा झालेलं असतं आणि मूळ लेबल ते सांगेलच असं नाही. टाकी पूर्ण भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर व्हॅन नेऊन वजन करा. दारावरच्या जीव्हीडब्ल्यूआरमधून, म्हणजे भरलेल्या व्हॅनच्या कमाल वजनाच्या आकड्यातून, ते वजा केलं की खरा पेलोड हातात येतो. उलट, प्रवासी व्हॅनमधलं मागचं न लागणारं बाक काढलं तर शंभराहून अधिक पौंड मोकळे होतात.

आता लांबी. याकडे फार कमी लोक बघतात. दोन्ही कंपन्यांनी पंधरा आसनी व्हॅनला साधारण २० इंच वाढवले, पण वेगवेगळ्या जागी. फोर्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १३८ इंचच राहिला, वाढ सगळी मागच्या चाकांच्या पलीकडे गेली. जीएमने तीच वाढ दोन चाकांच्या मध्ये घातली : १३५ चे १५५ इंच झाले. हिचचा गोळा मागच्या ॲक्सलपासून जितका दूर, तितकी ट्रेलरच्या हेलकाव्यांना व्हॅन वळवायला तरफ मोठी मिळते. म्हणून ट्रेलरसाठी लांब फोर्ड टाळा, आखूड फोर्ड किंवा लांब जीएम घ्या. लांब जीएमला वळायला जागा जास्त लागते, एवढं स्वीकारावं लागेल.

इंजिनांत जीएमचं ६.० लिटर व्ही८ मला सर्वांत निर्धास्त वाटतं. २५०० आणि ३५०० मध्ये त्याच्यामागे आधी ४एल८०ई हा टणक चार गिअरांचा बॉक्स होता, २०१० पासून सहा गिअरांचा आला. फोर्डमध्ये ६.८ लिटर व्ही१० निवडा, शक्यतो २००५ नंतरचं, पाच गिअरांचं. पेट्रोल भरपूर पितं, पण चढावर दम टिकवतं. फोर्डच्या साधारण २००२ पर्यंतच्या ट्रायटन इंजिनांत स्पार्क प्लगला धरायला जेमतेम चार आटे असतात आणि प्लग कॉइलसकट उडून बाहेर येतो. दुरुस्ती झाली असेल तर आट्यांत नवा इन्सर्ट घातल्याची पावती मागा. फोर्डचं ६.० लिटर डिझेल (२००४ ते २०१०) हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा वायू थंड करणारा भाग) यांसाठी बदनाम आहे. स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ॲक्सल रेशो (मागच्या ॲक्सलच्या गिअरांचं प्रमाण) ३.७३ किंवा ४.१० हवा. जीएमच्या सर्व्हिस लेबलवर जीटी४ म्हणजे ३.७३ आणि जीटी५ म्हणजे ४.१०.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या, असं आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. दोन्ही कंपन्यांच्या व्ही८ मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात. थंड असताना टिकटिक ऐकू येते आणि धातू तापून फुगला की ती गप्प होते. आधीच सुरू करून ठेवलेल्या गाडीत हा दोष कळत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लालसर हवं. तपकिरी आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेटा झिजलेल्या असतात.

मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्ककडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडच्या गाडीखाली झोपून बघायलाच हवं. मागच्या पाट्यांचे हँगर आणि पुढून मागे गेलेल्या ब्रेकच्या नळ्या आधी गंजतात. ताजा काळा रंग फासलेला दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकून बघा, बद्द आवाज म्हणजे आत पोकळ. फोर्डचे पुढचे टायर आतल्या कडेने झिजले असतील तर बॉल जॉइंट आणि कॅम्बर बुशिंगचा खर्च धरून किंमत ठरवा.

चर्चची व्हॅन मैलांनी कमी, पण रबर म्हातारं असतं. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा : ३११८ म्हणजे २०१८ चा ३१ वा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर स्टेपनीसह बदला, आणि एलटी (हलक्या ट्रकांच्या) प्रकारचे, लोड रेंज ई या जड भाराच्या श्रेणीचेच घ्या.

रिसीव्हरवरच्या, म्हणजे व्हॅनमागे हिच अडकवायच्या चौकोनी नळीवरच्या, लेबलवर दोन ओळी असतात. बऱ्याच ठिकाणी साध्या हिचला टंग वेट ५०० पौंड आणि वजन वाटणाऱ्या हिचला १,००० असं लिहिलेलं आढळतं. आपले ९१० पौंड पहिल्या ओळीत बसत नाहीत, म्हणजे वजन वाटणारा हिच घ्यावाच लागेल. ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर आणि सात पिनांचा सॉकेटही लागेल. ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक बहुतेक राज्यांत सक्तीचे आहेत.

सगळं जोडून झालं की काट्यावर तीनदा जा : एकटी व्हॅन, मग हिचचे वजन वाटणारे बार न लावता ट्रेलरसह, मग बार ताणून. दुसऱ्या वजनात पुढच्या ॲक्सलवरचा भार कमी झालेला दिसेल. बार ताणल्यावर तो मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेवढा परत यायला हवा. नाही आला तर हिचचं डोकं थोडं मागे कलवा किंवा साखळीची एक कडी आखूड करा आणि पुन्हा वजन करा.