देवस्थानापाशी गाईडने किती बोलावे?

नमस्कार, जय सेवा. "ताडोब्यात गाईड व्हायचे आहे, तुमच्या प्रशिक्षणात नेमके काय शिकवता?" हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली येतो, म्हणून आज त्याचे सविस्तर उत्तर देत आहे.

सोप्या गोष्टी आधी उरकतो. वेळेत गेटवर हजर राहणे, गणवेश घालणे, प्राण्या-पक्ष्यांची नावे पाठ असणे आणि कोणालाही जिप्सीतून खाली उतरू न देणे, हे पहिल्या दिवशीच शिकवून होते. १९५५ साली घोषित झालेले हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान आहे आणि दर मंगळवारी सफारी बंद असते, एवढे सांगायलाही कोणी अडखळत नाही. मुले अडखळतात ती ताडोबा तलावाकाठी, तारूच्या देवस्थानापाशी.

तेथे माझा नियम असा आहे की, गाईडने तीनच गोष्टी सांगाव्यात. तारू हा गावचा प्रमुख होता. वाघाशी झुंजताना त्याला मरण आले आणि लोक त्याला देव मानू लागले. आणि पौष महिन्यात येथे आदिवासी बांधवांची यात्रा भरते. यानंतर गाईडने गप्प बसावे. पूजा कशी होते, नवस कसा फेडतात, कोणाच्या अंगात येते, हे त्याने सांगू नये. त्याला ते माहीत असले, तरीही सांगू नये.

गेल्या हंगामात सरावाच्या फेरीत एक हुशार मुलगा होता. नुसत्या आवाजावरून तो पक्षी ओळखत असे. देवस्थानापाशी मात्र त्याला चेव चढला आणि बळी, मोहाची दारू, अंगात येणे यांचे त्याने रंगवून वर्णन सुरू केले. पर्यटक खूश होऊन हसत होते. जिप्सीचा चालक त्याच देवाला मानणाऱ्या घरातला होता. त्याने मागे वळून पाहिले नाही. हातातल्या फडक्याने तो एकच आरसा पुन्हा पुन्हा पुसत राहिला आणि गेटवर परतल्यावर कोणासोबत चहाही न घेता घरी निघून गेला. त्या मुलाने सांगितलेले बहुतेक खरेच होते, परंतु ते सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नव्हता.

यावर एका प्रेक्षकाने लिहिले आहे, "पर्यटक एवढे पैसे मोजतो, त्याला माहिती नको का?" माहिती जरूर हवी, आणि देण्यासारखी माहिती भरपूर आहे. चंद्रपूरच्या गोंड राजांचा किल्ला आणि परकोट आहे, राणी हिराईने बांधलेली समाधी आहे, ऐनाच्या झाडाला गोंड समाज का मान देतो हे आहे. हे सारे मोकळेपणाने सांगावे. रस्त्याकडेच्या जुन्या दगडी खांबांविषयीही बोलावे. त्यातून दोर ओवून घंटा वाजवत निरोप पाठवत असत, ही कथा मात्र "असे सांगतात" म्हणूनच सांगावी. पर्यटकाने सफारीचे शुल्क भरलेले असते, कोणाच्या देवघरात डोकावण्याचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. "मी स्वतः गोंड आहे, मला कोण अडवणार?" असे विचारणारी मुले माझ्याकडे येतात आणि त्यांचा अभिमान मला आवडतो. तरीही माझे उत्तर तेच आहे. गोंड समाजात पुजल्या जाणाऱ्या देवांच्या संख्येवरून चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी घराणी आहेत आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. शेजारच्या गावच्या देवाविषयी बोलण्यापूर्वी तेथील भुमकाला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, आणि जाणत्या माणसांना विचारावे, ही रीत आपल्या आजोबांना कोणी शिकवावी लागली नव्हती. शिवाय "तुम्ही किती देवे?" हा प्रश्न सोयरीक जुळवताना घरात विचारायचा असतो. आपली जवळीक दाखवण्यासाठी काही गाईड तो पर्यटकांसमोर, रस्त्याने जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ओरडून विचारतात. हे ऐकले की माझे डोके फिरते.

म्हणून आमच्या प्रशिक्षणाची शेवटची परीक्षा मी घेत नाही. गावातील दोन-तीन वडीलधाऱ्यांसमोर, ज्यांत किमान एक बाई असतेच, उमेदवाराने आपले निवेदन करायचे आणि त्यांनी हात वर केला की तेथेच थांबायचे. का थांबवले, याचे कारण सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. काही प्रेक्षकांना ही हुकूमशाही वाटते. वाटू द्या.

हाच नियम बफरमध्येही, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या गावे असलेल्या पट्ट्यातही, लागू होतो, कारण देवस्थान नसलेल्या जागीही जीभ घसरते. मार्च-एप्रिलमध्ये आगरझरी किंवा देवाडा भागात पहाटेची सफारी आणि मोहफुलांची वेचणी एकाच वेळी चालू असते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा कधी कधी जाळतात. त्यातून वणवा लागू शकतो, हे खरे आहे आणि त्यावर गावात बोलणेही चालू असते. मात्र जिप्सीत उभे राहून, वाकून फुले वेचणाऱ्या बाईकडे बोट दाखवत "हेच लोक जंगल जाळतात" असे म्हणणे निव्वळ उद्धटपणाचे आहे. मोहा आणि तेंदूपत्ता वेचताना या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसे मेली आहेत. ज्या वाघाचा फोटो मिळाल्याने पर्यटक टाळ्या वाजवतो, त्याच वाघाच्या भीतीने ती बाई दर दोन मिनिटांनी मान वर करून पाहत असते. तिचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू देऊ नये. गाडी लांब असल्यामुळे विचारता येत नसेल, तर फोटोच काढू नये.

आणि नवेगाव, जामणी यांची कुरणे. "येथून गाव उठवले आणि बघा, वाघ आला," हे वाक्य मी गेटवर इतक्या वेळा ऐकले आहे की, आता पर्यटकच गाईडला ते ऐकवतात. येथे गाव होते, ते पुनर्वसित झाले, त्या घरांतील माणसे आज दुसरीकडे शेती करतात, असे साधे सांगावे. तुमच्या शेजारी बसलेल्या चालकाचे बालपण कदाचित त्याच कुरणात गेलेले असेल.

मेळघाटातून बरेच जण विचारतात की, ही तीन वाक्यांची पद्धत तिकडे चालेल का. पद्धत चालेल, वाक्ये चालणार नाहीत. तेथे कोरकू समाज आहे. त्यांची भाषा गोंडीच्या कुळातली नाही आणि त्यांच्या रीतीही वेगळ्या आहेत. चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले लाकडी खांब त्यांनी आपल्या मृतांसाठी उभारलेले असतात. त्यांच्यापाशी गाडी थांबवावी की नाही, हेसुद्धा त्या गावालाच विचारा. फक्त होळीच्या दिवसांत हा विषय घेऊन जाऊ नका. तो त्यांचा सर्वांत मोठा सण आहे आणि तुमची परीक्षा घ्यायला तेव्हा कोणालाही सवड नसेल.