साहेबांना आधीच भेटून आलोय

सकाळचे ११ वाजलेत. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात माणसं बसलीत, मांडीवर पिशवी, पिशवीत सातबारा, जुनं खरेदीखत, चार-पाच झेरॉक्स. आज तक्रारी नोंदीची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या ज्या फेरफाराला कुणी हरकत घेतलीय त्याची सुनावणी आहे, म्हणजे आतल्या खुर्चीत बसलेला माणूस आज नुसता अधिकारी नाहीये, तो दोन पार्ट्यांचं ऐकून निकाल देणाराय. आणि इथे एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मी साहेबांना आधीच भेटून आलोय." बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही पण ते ऐकणाऱ्या समोरच्या पार्टीच्या पोटात गोळा येतो.

या भेटीला कायद्यात नाव आहे, एक्स पार्टे कम्युनिकेशन. सरळ सांगायचं तर केस चालू असताना समोरच्याच्या पाठीमागे निकाल देणाऱ्याशी त्या केसबद्दल बोलणं. मग तो फोन असो, चिठ्ठी असो, व्हॉट्सॲप असो नाहीतर लग्नाच्या पंगतीत हळूच काढलेला विषय असो. पैसे दिलेच पाहिजेत असं नाही, खोटं बोललंच पाहिजे असंही नाही, अगदी खरी गोष्ट सांगितली तरी ती पाठीमागेच सांगितली ना. तारीख कधी आहे हे क्लार्कला विचारलं तर ते यात येत नाही कारण त्यात केसच्या मुद्द्याला हात लागत नाही.

इथे एक गल्लत फार लोक करतात. कोर्टात "केस एक्स पार्टी झाली" म्हणतात ते वेगळं, तिथे नोटीस मिळूनही समोरचा आलाच नाही म्हणून कोर्ट पुढे जातं. घाईच्या वेळी समोरच्याला न ऐकता तात्पुरता मनाईहुकूमही मिळतो, पण दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३९ नियम ३ आहे, त्यात जजला कारणं लिहावी लागतात आणि अर्ज करणाऱ्याला अर्जाची, कागदपत्रांची प्रत समोरच्याला लगेच पाठवावी लागते. म्हणजे एकतर्फी असलं तरी ते उघड आहे, उत्तर देता येतं. पाठीमागच्या बोलण्याला उत्तर कसं देणार, ते झालंय हेच माहीत नसतं.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण मलायातलं, म्हणजे आजच्या मलेशियातलं आहे. सुरिंदरसिंग कंडा, पोलीस इन्स्पेक्टर. त्याच्यावर खात्याची चौकशी लागली, आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात आधीपासूनच एका चौकशी बोर्डाचा रिपोर्ट होता ज्यात कंडाबद्दल बरंच वाईट लिहिलेलं होतं. कंडाला तो दाखवलाच नाही. १९५८ मध्ये त्याला बडतर्फ केलं, तो कोर्टात गेला, एकदा जिंकला, वरच्या कोर्टात हरला, आणि प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हा मलायाचं शेवटचं अपील जिथे चालायचं तिथपर्यंत पोचलं. १९६२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. निकाल लिहिणारे जज लॉर्ड डेनिंग यांनी त्यात म्हटलं की निकाल देणाऱ्याने एका बाजूचं दुसऱ्याच्या पाठीमागे ऐकता कामा नये, आणि त्यामुळे खरंच नुकसान झालं का हे कोर्ट तपासत बसणार नाही, होऊ शकलं असतं एवढं पुरे.

हे शेवटचं फार मोलाचं आहे. कारण साहेबांच्या मनावर त्या कागदाचा परिणाम झाला की नाही हे बिचारा कंडा सिद्ध तरी कसं करणार होता?

आपल्याकडे हाच प्रश्न बंद लिफाफ्याच्या रूपाने आला. ३१ जानेवारी २०२२ ला केंद्र सरकारने मीडियावन या मल्याळम चॅनेलची परवानगी काढून घेतली, कारण काय तर सुरक्षा, आणि तपशील केरळ हायकोर्टात बंद लिफाफ्यात दिला, म्हणजे सरकारने सांगितलं, जजने वाचलं आणि ज्याचं चॅनेल बंद पडत होतं त्याला पत्ताच नाही. सुप्रीम कोर्टाने ५ एप्रिल २०२३ ला तो आदेश रद्द केला. सुरक्षेचा प्रश्न खोटा नसतो हे मान्यच, पण नुसता तो शब्द उच्चारून समोरच्याचं ऐकून घ्यायचं टाळता येत नाही असं कोर्टाने बजावलं.

वकिलांसाठी तर बार कौन्सिलचा नियमच आहे, चालू केसबद्दल जजशी खासगीत बोलायचं नाही. पण पक्षकार, पुढारी, नातेवाईक, त्यांना कोण अडवणार? तिथे निकाल देणाऱ्यालाच ठाम उभं राहावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टात बेकायदा खाणींची केस होती, न्यायमूर्ती विशाल मिश्रा यांनी आदेशातच लिहिलं की एका आमदाराने या केसबद्दल बोलण्यासाठी मला फोन करायचा प्रयत्न केला, म्हणून मी ही केस ऐकणार नाही. नावासकट लिहिलं, आणि फाईल मुख्य न्यायमूर्तींकडे पाठवली.

व्हरांड्यातल्या माणसाच्याही हातात काही आहे. सुनावणीत उभं राहून लेखी अर्ज द्यायचा, साहेब, समोरच्यांनी काही कागद दिला असेल, काही सांगितलं असेल तर ते रेकॉर्डवर घ्या, मला प्रत द्या आणि उत्तराला वेळ द्या. अर्जाची पोच घ्यायची. आणि आपला अर्ज रोजनाम्यात, म्हणजे केसच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत आलाय का ते बघितल्याशिवाय कचेरीतून हलायचं नाही.