काचेतला नाद

काचेच्या बारीक, पोकळ नळ्या हातानं एकेक करून रचल्या आहेत. मधोमध एकच भरीव काडी. ही मोळी सुमारे 2000 अंशांच्या भट्टीतून खाली ओढली, की काच पाकासारखी ओघळते आणि प्रकाश वाहून नेणारा केसाएवढा तंतू होतो. भोकं मात्र बुजत नाहीत. असा पहिला तंतू 1996 मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला ओढला गेला. कल्पना भौतिकशास्त्रज्ञ फिलिप रसेल यांची.

भोकं म्हटली की आपल्याला बासरी आठवते. पण इथे नाद हवेत नाही, काचेत घुमतो.

काच कधीच पूर्ण स्तब्ध नसते. उष्णतेमुळे तिच्यात सतत अतिसूक्ष्म ध्वनिलहरी धावत असतात. लहर म्हणजे दाट-विरळ काचेचे पट्टे, आणि तंतूतून जाणारा थोडा प्रकाश या पट्ट्यांवर आपटून मागे फिरतो. लहर पुढे पळत असल्यानं, दूर जाणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीसारखी त्याची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, किंचित उतरते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिऑन ब्रिल्वाँ यांनी हे 1922 मध्येच मांडलं होतं. दूरसंचाराच्या साध्या तंतूत हा उतार सुमारे 11 गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 11 अब्ज कंपनं, भरतो. काचेतल्या त्या आवाजाची कंप्रताही तेवढीच, आपल्या कानाच्या मर्यादेच्या साडेपाच लाख पट!

खरी गंमत पुढे आहे. परतणारा प्रकाश आणि जाणारा प्रकाश एकमेकांत मिसळून काचेला तालात दाबतात. त्यामुळे तोच आवाज वाढतो, वाढलेला आवाज आणखी प्रकाश परतवतो. लांबलचक तंतूत प्रकाशाच्या अवघ्या काही मिलिवॅट शक्तीलाच हे चक्र सुरू होतं, आणि पुढे कितीही शक्ती ओता, बरीचशी उलटी येते.

मग गाभा, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो तो मधला भरीव भाग, लहान केला तर? प्रकाश दाटीनं कोंबला जाईल, म्हणजे हे चक्र आणखी लवकर सुरू व्हायला हवं. 2006 मध्ये पाउलो दाइनेझे, रसेल आणि सहकाऱ्यांनी भोकांच्या जाळीतला गाभा लेझरच्या तरंगलांबीच्या सुमारे 70 टक्क्यांवर आणला. घडलं उलटंच. चक्र सुरू व्हायला लागणारी शक्ती पाचपट वाढली! मला या विषयातलं हे सर्वांत सुंदर निरीक्षण वाटतं.

कारण भोकांच्या कडेशी आहे. काचेतला आवाज हवेत जवळजवळ शिरतच नाही, कडेवरून परत फिरतो. एवढ्याशा गाभ्यात दाबणारी आणि आडवी हलवणारी कंपनं एकमेकांत गुंततात, प्रकाशाशी त्यांचा मेळ नीट बसत नाही.

आता परतलेल्या प्रकाशाचा आलेख पाहा: किती उतारावर किती प्रकाश आला. साध्या तंतूत एकच उंच सुळका. इथे 10 गिगाहर्ट्झच्या आसपास एकाऐवजी अनेक सुळके. प्रत्येक सुळका म्हणजे त्या इवल्याशा गाभ्याचा एक वेगळा सूर.