आधी पेनड्राइव्ह, मग लिनक्स

(रामबाग, इंदूर इथल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय, 'नवख्यानं कोणतं लिनक्स निवडावं?' उत्तर देणार आहे, पण ते दोन मिनिटांचं आहे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, संगणक चालवणारी प्रणाली, आणि तिचे बरेच प्रकार आहेत. त्याआधीचा एक तास जास्त महत्त्वाचा, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी २०१६-१७चा लॅपटॉप असेल. पडदा ठीक, कीबोर्ड ठीक. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. यंत्र धडधाकट, तरी निवृत्त! मग भाचा येतो. "मामा, लिनक्स टाकून देतो" म्हणतो आणि पहिल्याच झटक्यात सगळी डिस्क पुसतो. माझं भांडण इथे आहे. डिस्कला हातही न लावता लिनक्स चालवून बघता येतं, ही त्याची सगळ्यात मोठी सोय, आणि नेमकी तीच पायरी गाळली जाते.

याला लाइव्ह म्हणतात. जेल रोडवरून ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणा. लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका, त्यावरचं सगळं जाणार आहे. लिनक्स मिंट या प्रकाराची फाईल जवळपास ३ जीबीची. ती उतरली की संकेतस्थळावर दिलेली ६४ अक्षरांची खूण जुळवून बघा. विंडोजमधली 'सर्टयुटिल' आज्ञा तुमच्या फाईलची खूण काढून देते. डाउनलोड मध्येच बिघडलं असेल तर ते इथेच कळतं, नाहीतर बसवताना अर्ध्यावर अडतं. मग रूफस किंवा एचर हा प्रोग्राम वापरून फाईल पेनड्राइव्हवर 'लिहायची'. नुसती कॉपी-पेस्ट करू नका. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात: फाईल दिसते, पण यंत्र तिच्यावरून सुरू होत नाही, कारण सुरू होण्यासाठी लागणारी मांडणी पेनड्राइव्हवर झालेलीच नसते. लिहून झाल्यावर विंडोज कधीकधी 'ही डिस्क फॉरमॅट करू का?' असं विचारतं. नाही म्हणा.

आता यंत्र पूर्ण बंद करून सुरू करा आणि लगेच कळ टकटक दाबत राहा: डेल आणि लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९. मेनू येईल, त्यात पेनड्राइव्ह निवडा. एसरवर एफ १२चा मेनू बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आधी चालू करावा लागतो. पडदा आला की 'इन्स्टॉल' लिहिलेलं चित्र दिसेल. त्याला आज हात लावायचा नाही. आणि वेगावरून मत बनवू नका. सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय, डिस्कवर ते कितीतरी चपळ असतं.

काय तपासायचं? वाय-फाय, आवाज, उजेड कमी-जास्त करायच्या कळा, आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागं होतं का. वाय-फायचं कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचं असेल तर वाय-फाय दिसणारच नाही असं होऊ शकतं. घाबरू नका, फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट संगणकाला द्या, आणि कार्डाला लागणारा ड्रायव्हर बसवायला मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा. प्रिंटर एचपीचा असेल तर बहुधा लगेच ओळखला जातो. पण आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० संगणकाशी स्वतःच्या वेगळ्याच भाषेत बोलतो. लिनक्सवर तो चालवायला बरीच खटपट पडते. हे डिस्क पुसण्याआधी कळलेलं बरं.

आता मराठी. इथे जरा रेंगाळणार आहे. इंदुरात संगणक बसवून देणारा हिंदी लावून जातो. हिंदीला 'ऱ्य' लागत नाही, आणि मराठीचं त्याच्यावाचून पान हलत नाही. 'आचार्यांना बोलवा' लिहिलं तर गुरुजी येतात, 'आचाऱ्यांना बोलवा' लिहिलं तर स्वयंपाकी. पत्रिकेत ही गल्लत झाली तर पंगतीचं काय होईल बघा! होतं असं, की र, हलन्त आणि य लागोपाठ दाबले की संगणक रफारच देतो. अर्ध्या ऱ साठी अक्षरच वेगळं आहे, नुक्त्याचा ऱ. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या ठरलेल्या कळमांडणीत, 'जे'च्या कळीवर र आहे, शिफ्ट धरून तीच दाबली की ऱ. मग 'डी'वर हलन्त, प्रश्नचिन्हाच्या कळीवर शिफ्ट न धरता य, 'ई'वर काना. झालं 'ऱ्या'. ळ शिफ्ट धरून 'एन'वर. ही मांडणी १९८६पासूनची आहे आणि विंडोजवरही हीच, म्हणून बोटांना बसलेली सवय वाया जात नाही. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीची मांडणी लाइव्हमध्येच जोडता येते. मिंटमधलं मजकूर लिहायचं लिब्रेऑफिस उघडा आणि लिहा: 'दुसऱ्या आळीतल्या आचाऱ्यांना कळवा.' अक्षरं मोडकी दिसली तर फॉन्ट बदलून नोटो किंवा लोहित घ्या.

शिवाय जुनी एखादी फाईल दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन बसा. मंडळाची स्मरणिका, मुंजीची पत्रिका, कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतली. उघडल्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा दिसेल. हा लिनक्सचा दोष नाही. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले होते, फॉन्ट नसला की खालचं रोमन उघडं पडतं. फॉन्टची फाईल बसवा, मजकूर परत दिसेल. तो युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, आणणं हे मात्र वेगळं काम, आणि ते कधीतरी करावंच.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर निवड. रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. त्याहून कमी असेल तर मिंटचीच हलकी आवृत्ती, एक्सएफसीई. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. उबुंटू चांगलं, पण सम वर्षातल्या एप्रिलची एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची आवृत्तीच घ्या. फेडोराच्या एका आवृत्तीचा आधार सुमारे १३ महिन्यांचा, दरवर्षी हलवाहलव. कॉलेजची मुलं काली आणतात. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं अवजार आहे, रोजच्या वापराचं नाही. धंद्याचा हिशेब टॅलीवर असेल तर विंडोज ठेवा. टॅली विंडोजसाठीच बनते.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही शेजारी ठेवायची असतील तर क्रम असा. सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागतं. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपतं आणि लिनक्समधून त्याच्या डिस्कवर लिहिता येत नाही. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून ५० ते १०० जीबी मोकळे करा. बसवताना 'शेजारी' हा पर्याय निवडा, 'इरेज' नाही. डिस्क दिसलीच नाही तर बायोसमध्ये ती रेड (RAID) मोडवर, डिस्क जोडण्याच्या वेगळ्या पद्धतीवर, असेल. तो मोड घाईनं बदलू नका, विंडोज सुरू व्हायचं बंद होईल. आणि नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बिघाड समजू नका. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. लिनक्सला एका आज्ञेनं स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं.

मागच्या टेबलावर दोन लॅपटॉप लाइव्ह लावून ठेवलेत. जाताना 'ऱ्या' लिहून बघा. बंद करताना आधी शट डाऊन, मग पडद्यावर माध्यम काढून एंटर दाबायला सांगेल, तेव्हाच पेनड्राइव्ह काढा.