रस्त्यावरचा परका माणूस

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या सोलापूरकडच्या खेड्यांत सुगीची घाई झाली की अजूनही कुठे कुठे सावड चालते. आज चार घरची माणसं माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या रानात. वहीत कुणी काही मांडत नाही, पण कुणाचा दिवस फेडायचा राहिलाय ते गावाला पाठ असतं. सावड बुडवणाऱ्याच्या बांधावर पुढच्या सुगीला कुणी फिरकत नाही! रॉबर्ट ट्रिव्हर्स या शास्त्रज्ञानं १९७१ साली परतफेडीच्या मदतीचा सिद्धांत मांडला. आमच्या शेतकऱ्यांनी तो ऐकून, "मग, त्यात नवीन काय?" असंच विचारलं असतं.

हे झालं ओळखीतलं. परक्याचं काय? आपल्याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. तिथली भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये, ३२ व्या वर्षी, तिथंच वारले. सावडीचा हिशेब इथं लागू पडत नाही.

सगळ्यांना कोटणीस होणं जमायचं नाही, आणि कुणी तशी सक्तीही करू नये. आपली परीक्षा हैदराबाद रोडवर होते. मोटारसायकल आडवी, माणूस रक्तबंबाळ, भोवती ही गर्दी, आणि निम्म्यांचे मोबाइल शूटिंगला. ही माणसं दगडाच्या काळजाची असतात, हे मला पटत नाही. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये अमेरिकेत प्रयोग करून दाखवलं, की आपल्यासोबत आणखी माणसं आहेत असं वाटलं की मदतीला उठणारे कमी होतात. जो तो म्हणतो, कुणीतरी फोन केलाच असेल.

दुसरी भीती पोलिसांच्या झंझटीची. ती खोटी नव्हती. पण २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. जखमीला चांगल्या हेतूनं मदत करताना काही चुकलं, तरी त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही.

तेव्हा गर्दीत "अरे, कुणीतरी फोन लावा" असं ओरडू नका. एकाकडं बोट दाखवा: "ओ निळा शर्ट, १०८ लावा. मावशी, यांची पिशवी धरा. दादा, तुम्ही मागच्या गाड्या थांबवा." सांगून बघा, माणसं लगेच हलतात.